नथ घालणारी वाचक

‘स्वामी’तल्या रमेच्या नावाची मोत्यांची नथ, ‘राऊ’तल्या मस्तानीच्या नावाचा पायघोळ ड्रेस, खणाच्या कापडात बांधलेली डायरी, पितळेची नथीच्या आकाराची वाचनखूण, टेबलावर ठेवायची नऊवारीतली बाई आणि तिच्या पाठीशी पेनं ठेवायचा कप्पा. दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईतल्या प्रदर्शनांत अशा वस्तू मांडल्या जातात आणि त्यांच्यामागोमाग एक आक्षेप येतो. ऐतिहासिक कादंबरीच्या नायिकेला तुम्ही शोभेची वस्तू केलीत, तिचं दुःख बाजूला ठेवून तिचे दागिने तेवढे उचललेत, पुस्तक न वाचता पुस्तकाची ऐट मिरवताय, असं त्या आक्षेपाचं म्हणणं. हे बोलणारे लोक वाचणारे आहेत, पुस्तकांना जीव लावणारे आहेत, आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं. मला त्यांचा आक्षेप चुकीचा तर वाटतोच, पण त्याहून जास्त तो अन्यायाचा वाटतो.

आधी हे बोट कुणाकडे रोखलेलं आहे ते बघू. ‘श्रीमान योगी’ १९६८ साली आली, ‘छावा’ १९७९ साली. या दोन पुस्तकांनी महाराष्ट्रातल्या तरुणांच्या मनातले शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज घडवले. ते तरुण आज बोटात राजमुद्रेची अंगठी घालतात, गळ्यात कवड्यांची माळ घालतात, कपाळावर चंद्रकोर रेखतात, मोटारीच्या काचेवर जिरेटोपाची रेषाकृती लावतात, कचेरीतल्या टेबलावर सिंहासनावरची मूर्ती ठेवतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्या माणसावर आपलं प्रेम आहे त्याची खूण जवळ असावी, ही साधी माणुसकीची ओढ आहे. पण त्या अंगठीकडे बघून ‘हजार पानांची कादंबरी वाचली आहेस का?’ असं कुणी सहसा विचारत नाही. तिथे आपण अभिमान म्हणतो, प्रेरणा म्हणतो. हाच प्रश्न नथ घातलेल्या मुलीला मात्र हमखास विचारला जातो, आणि तिने हो म्हटलं तरी विचारणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

बायकांच्या वाचनाबद्दलचा हा संशय जुना आहे. काशीबाई कानिटकरांच्या पिढीला हातात पुस्तक धरल्याबद्दल घरातून टोमणे ऐकावे लागले. कादंबरीने बायका बिघडतात, हा एकोणिसाव्या शतकातला ठरलेला सूर होता. आता बाईच्या वाचण्याला कुणी उघड विरोध करत नाही. पण तिने वाचनातून काय उचलावं हे ठरवण्याचा हक्क अजून दुसऱ्याच कुणालातरी हवा असतो. तिने नायिकेचा त्याग उचलावा, सोशिकपणा उचलावा, दागिना उचलू नये. दागिना उचलला की ती उथळ.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. चार्ल्स डिकन्सची ‘बार्नबी रज’ ही ऐतिहासिक कादंबरी १८४१ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय १७८० साली लंडनमध्ये झालेल्या गॉर्डन दंगली. त्यात गेब्रिएल व्हार्डन नावाच्या कुलपं बनवणाऱ्या कारागिराची मुलगी आहे, डॉली. डिकन्सने तिला चेरीच्या रंगाची अंगरखी आणि त्याच रंगाच्या फितींची गवती टोपी दिली, आणि ती टोपी किंचित कलती बसवली. फ्रिथ या चित्रकाराकडून त्याने तिचं चित्रही काढून घेतलं. जून १८७० मध्ये डिकन्स वारला, पुढच्याच महिन्यात त्याचा चित्रसंग्रह लिलावात निघाला आणि डॉलीचं चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे पुन्हा आलं. त्याच सुमाराला इंग्लंड-अमेरिकेत डॉली व्हार्डन नावाच्या पोशाखाची लाट उसळली. कादंबरीला तेव्हा तीस वर्षं होत आली होती. खाली एकरंगी भडक घागरा, वर फुलाफुलांच्या छापील सुती कापडाचा झगा, तोही मागे उचलून खोचलेला, आणि डोक्यावर कलती गवती टोपी.

हा पोशाख १७८० सालचा नव्हता. कादंबरीतही तो तसा नव्हता. तो होता १८७० नंतरच्या बायकांनी, त्यांच्या काळातल्या शिवणकामाच्या पद्धतीने, डॉलीच्या नावावर रचलेला. जाणकारांनी तेव्हाही नाकं मुरडली, चेष्टेची गाणी निघाली. आणि त्या नावाचं पुढे काय झालं? उत्तर कॅलिफोर्नियाच्या नद्यांतल्या एका ठिपकेदार माशाला त्या कापडाची आठवण म्हणून डॉली व्हार्डन म्हणू लागले. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत ते नाव आजही आहे. फिलाडेल्फियाच्या आसपास १८८०च्या दशकात कृष्णवर्णीय बायकांचा बेसबॉलचा संघ निघाला, त्याचंही नाव डॉली व्हार्डन. ‘बार्नबी रज’ ही डिकन्सच्या कमी वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक. तरीही तिच्यातली एक कारागिराची मुलगी तिला न वाचणाऱ्यांच्याही बोलण्यात दीडशे वर्षं राहिली, ती त्या ‘उथळ’ बायकांमुळे. एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. ते फुलाफुलांचं छापील सुती कापड मुळात आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचं. त्याने विलायतेतल्या विणकरांचा धंदा इतका बसवला की तिथल्या पार्लमेंटने १७२१ साली छापील सुती कपडा अंगावर घालण्यावरच बंदी आणली आणि ती १७७४ साली उठली. डॉलीच्या कथेतल्या दंगली त्यानंतर जेमतेम सहा वर्षांनी घडतात. त्या लाटेला हसणाऱ्यांना त्या कापडामागचा हा सगळा झगडा दिसला नाही, कारण त्यांचं लक्ष बाईच्या नटण्यावर होतं.

आता अस्सलपणाचा मुद्दा. रमाबाई पेशव्यांनी अशी नथ घातली होती याला पुरावा काय, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच विचारला जातो. माधवराव १७६१ साली सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. त्यांच्या मोहिमा, त्यांचा कारभार, राघोबादादांशी झालेला कलह, हे सारं कागदोपत्री भरपूर आहे. रमाबाईंबद्दल त्या मानाने फार थोडं. शनिवारवाड्यातल्या दालनात तिन्हीसांजेला त्या नवऱ्याशी काय बोलल्या, कशावर रुसल्या, कशाने हसल्या, हे कुठल्याही कागदात नाही. ते रणजित देसाईंनी १९६२ साली लिहिलं. आपण ज्या रमेवर जीव टाकतो ती बव्हंशी त्यांची निर्मिती आहे. त्याबद्दल ‘स्वामी’ला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पुढे गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी मालिका केली, मृणाल देव या शाळकरी वयातल्या मुलीने रमा उभी केली, आणि एका अख्ख्या पिढीला रमेचा चेहरा मिळाला, अंबाडा मिळाला, नथ मिळाली. म्हणजे लेखकाने कल्पना लढवली ती साहित्य, दिग्दर्शकाने लढवली ती कला, आणि सोनाराने तीच कल्पना तारेत आणि मोत्यांत ओवली तर तो इतिहासाचा विपर्यास! ही वाटणी मला मान्य नाही. कल्पनेचा परवाना द्यायचा तर तिघांनाही द्या, नाहीतर तिघांकडूनही पुरावे मागा.

मस्तानीचं तर याहून कठीण. पाबळला तिची कबर आहे. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात आणून उभे केले. ज्या चित्रांना मस्तानीचं चित्र म्हटलं जातं त्यांतली स्त्री खरोखर तीच का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. ना. सं. इनामदारांनी १९७२ साली ‘राऊ’ लिहून तिला माणसात आणलं. तोवर ती बहुतेकांच्या लेखी पेशव्याच्या आयुष्यातली एक भानगड होती, पान खाल्लं की गळ्यातून पिंक उतरताना दिसायची अशी आख्यायिका होती. २०१५ सालचा हिंदी चित्रपट त्याच कादंबरीवर उभा राहिला आणि त्याच्यानंतर लग्नसराईत मस्तानी ड्रेस आले. ते बुंदेलखंडातल्या अठराव्या शतकातले पोशाख नाहीत, हे मीही मान्य करते. पण ज्या बाईला तिच्या हयातीत सासरच्या उंबऱ्याने आत घेतलं नाही, जिच्या मुलाची मुंज होऊ दिली नाही, तिचं नाव आज पुण्यातली एखादी मुलगी आपल्या साखरपुड्याच्या दिवशी अंगावर घालते, आणि घरातल्या कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. तीनशे वर्षांत हा फरक पडला आहे. मला तो ड्रेसच्या काटेकोर अस्सलपणापेक्षा फार मोठा वाटतो.

विक्रेते चिठ्ठीवर ‘अस्सल पेशवेकालीन’ असं लिहितात, ते मात्र खोटं आहे आणि त्याला माझा विरोध आहे. कादंबरीवरून सुचलेली नथ असेल तर तसं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

टेबलावरच्या वस्तूंबद्दल लोक जास्तच कडवट बोलतात, म्हणून तिथे थोडं थांबते. पेशव्यांच्या घरातली बाई आणि लिहिण्याचं टेबल यांचा काय संबंध, असा त्यातला सूर. संबंध आहे. माधवरावांच्या आईची, गोपिकाबाईंची, पत्रं आपल्याकडे आहेत. नाशिकजवळ गंगापूरला राहून त्यांनी नातवाला, सवाई माधवरावाला, दिनचर्येपासून कारभारापर्यंत कसं वागावं याची कलमवार शिकवण पाठवली. अहिल्याबाई होळकरांचा पत्रव्यवहार तर मराठी इतिहासाचं मोठं साधन आहे. कलमदान, दौत, बोरू, ओली शाई टिपायची वाळू, मोडी कागदांचे रुमाल, हे त्या बायकांच्या जगातलंच सामान होतं. कादंबऱ्यांनी या बायकांना देवघरात, माजघरात आणि झोपाळ्यावर जास्त दाखवलं, लिहिताना कमी. आज एखादी कारागीर बाई रमेला डायरीच्या पुठ्ठ्यावर आणते तेव्हा ती नकळत कादंबरीतली ही उणीव भरून काढते.

अशी एक डायरी माझ्यासमोर आहे. कापड खणाचं, डाळिंबी, त्यावर बारीक पिवळी बुट्टी. खणाचा पन्हा अरुंद असतो आणि दोन्ही बाजूंना काठ असतात, कारण तो मुळात एका चोळीपुरता विणला जाई. म्हणून बाइंडरला काठ कुठे पडेल याचा विचार आधी करावा लागतो. इथे त्याने तो बरोबर पाठीवर, पुस्तकाच्या कण्यावर आणला आहे. खळ थेट लावली तर रेशमातून वर डाग उमटतो, तेव्हा आतून पातळ कागदाचं अस्तर दिलंय. कोपरे दुमडताना बुट्टी तुटू दिलेली नाही. पानं जुजबांधणीची आहेत, त्यामुळे डायरी टेबलावर सपाट उघडते. ही डायरी वापरणारी माझी मैत्रीण शाळेत मराठी शिकवते. नथीची वाचनखूण तिने ‘स्वामी’तच घातलेली असते आणि सातवी-आठवीच्या मुली ती हातात घेऊन ‘बाई, ही कुणाची?’ म्हणून विचारतात. त्या प्रश्नावर तिचा अर्धा तास जातो. या वस्तूंनी वाचन वाढतं असा दावा मी करत नाही, तसा हिशेब कुणी मांडलेला मला माहीत नाही. पण वस्तू वाचनाची जागा घेते, असा उलटा दावा करणाऱ्यांकडेही तो हिशेब नाही. पुस्तक न वाचणारी माणसं या वस्तूंच्या आधीही होती.

नथीचंही तसंच. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक नथी चापाच्या असतात. नाक टोचलेलं नसलं तरी बसतात, हवं तेव्हा काढता येतात. आजीच्या काळी नाक टोचायचं की नाही हे मुलीला कुणी विचारत नसे. ते लहानपणीच उरकलं जाई. चापाच्या नथीने तो निर्णय तिच्या हातात दिला. सकाळी बँकेत बसायचं, संध्याकाळी हळदीकुंकवाला जाताना नथ लावायची, घरी आल्यावर डबीत ठेवायची. परंपरा सोईने पाळतात म्हणून कुणी नाराज असेल, तर त्याने ही सोय पुरुषांनी किती आधी करून घेतली ते आठवावं. पगडी गेली, शेंडी गेली, धोतर गेलं, आणि लग्नात तासाभरापुरता तयार फेटा आला. त्याबद्दल लेख लिहिले जात नाहीत.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. रमाबाई थेऊरला माधवरावांबरोबर सती गेल्या. कादंबरी तिथेच संपते. तिच्या नावाची नथ विकणं म्हणजे सतीचं कौतुक करणं नव्हे काय? हा प्रश्न मला झोंबतो, आणि आक्षेपांपैकी हा एकच मला खरोखर वजनदार वाटतो. १९८७च्या कायद्याने सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा ठरवला आणि तो ठरायलाच हवा होता. तेव्हा ‘रमेसारखी पतिव्रता’ अशा मजकुराने मंगळसूत्र किंवा लग्नाचा साज विकणाऱ्याला मी ठामपणे विरोध करीन. तशी जाहिरात दिसली तर ती खाली उतरवायला लावीन.

पण हा प्रश्न नथ घालणाऱ्या मुलीच्या दारात नेण्याआधी आपल्या स्वतःच्या दारात न्यायला हवा. साठ वर्षं आपण ‘स्वामी’चा शेवट डोळ्यांत पाणी आणून वाचतो आहोत. ते पाणी कशासाठी होतं? सत्तावीस वर्षांचा कर्ता पुरुष गेला म्हणून, की त्याच्यामागे एक धडधाकट तरुण बाई आगीत गेली म्हणून? किती वाचकांनी त्या दोन दुःखांत भेद केला? त्या शेवटाला आपण उदात्त म्हटलं, प्रेमाचं शिखर म्हटलं, शाळा-कॉलेजांतून तसं शिकवलं. आणि आता जी मुलगी त्याच कादंबरीतून रमेचं हसणं घेते, तिचा अंबाडा, मोती, रुसवा घेते आणि चिता तिथेच सोडून येते, तिला आपण सांगतो की तू रमेचं दुःख विसरलीस. ती काही विसरलेली नाही. तिने निवड केली आहे. रमेचं जगणं माझं, तिचं मरण माझं नाही, असं ती त्या नथीने म्हणते आहे. त्या कादंबरीबद्दल मी वाचलेल्या कित्येक समीक्षांपेक्षा मला हे उत्तर अधिक विचारी वाटतं. डायरीच्या पुठ्ठ्यावर, पेनस्टँडवर, ड्रेसच्या पदरावर मला आजवर चिता दिसलेली नाही. कारागिरांनी आणि गिऱ्हाइकांनी ती एकमताने वगळली आहे.

रागवायला जागा नाही असं मी म्हणत नाही. ती दुसरीकडे आहे, आणि तिथे जाणकारांचा आवाज मला पुरेसा ऐकू येत नाही. खण विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. पिढ्यानपिढ्या त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं महाराष्ट्रातली चोळी. तयार ब्लाउज आले, चोळी मागे पडली, माग बंद पडू लागले. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, पिशव्या, डायऱ्या यांनी त्या कापडाला पुन्हा मागणी आणली. पण मागणी आली तशी यंत्रमागावरची, पॉलिएस्टरची नक्कल आली आणि ती ‘हातमागाचा खण’ म्हणून विकली जाऊ लागली. पैठणीचं तेच. येवल्यातल्या मागावर एका पैठणीला महिनोन्‌महिने जातात, पदरावरचा प्रत्येक मोर आणि मुनिया बोटांनी धागा अडकवून उमटतो. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. आणि डायरीवर मात्र रेक्झिनवर छापलेला पैठणीचा फोटो चिकटवतात, नाव देतात ‘पैठणी डायरी’. नायिकेचा अपमान शोधायचा तर तो या फसवणुकीत शोधा. जिच्या अंगावर खरं वस्त्र होतं तिच्या नावाने खोटं कापड विकलं जातं.

दुसरी फसवणूक लेखकाची. रमाबाई आणि मस्तानी इतिहासातल्या. त्यांची नावं कुणाच्या मालकीची नाहीत. पण जी रमा आणि जी मस्तानी लोकांच्या मनात आहे ती देसाईंची आणि इनामदारांची आहे. देसाई १९९२ साली गेले, इनामदार २००२ साली. दोघांच्याही पुस्तकांवरचा लेखनाचा हक्क अजून शाबूत आहे. तरीही ‘रमा नथ’ म्हणून विकताना खोक्यावर ‘स्वामी’चं नाव मला अभावानेच दिसतं. प्रकाशकांनीही याकडे पाठ फिरवलेली आहे. प्रदर्शनात एका गाळ्यावर डायऱ्या आणि दुसऱ्या टोकाच्या गाळ्यावर कादंबऱ्या, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. प्रकाशकाने कारागिराशी करार करावा, लेखकाच्या वारसांना त्यांचा वाटा द्यावा, आणि दोन्ही वस्तू एका टेबलावर मांडाव्यात. चिठ्ठीवर चार ओळी पुरतात: कुठल्या कादंबरीवरून, कुणाची कादंबरी, कापड कुठल्या गावच्या मागावरचं, मोती खरे की काचेचे. आक्षेप घेणाऱ्यांचा शब्द प्रकाशनाच्या जगात चालतो. तो त्यांनी या चार ओळींसाठी खर्च करावा, आणि नथ घातलेल्या मुलीची तोंडी परीक्षा घेणं आजपासून बंद करावं.